बारशाला होडीनं

माझं सासर बारामती तालुक्याच्या जिरायती अंगाचं. उन्हाळ्यात टँकर आला की तिथल्या बायका आधी रांगेत घागर ठेवायच्या आणि मग एकमेकींशी बोलायच्या. आमचे हे त्याच गावात वाढले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सासऱ्यांनी ती विकून थोडी शेती धरली आणि ह्यांनी आयटीआय करून बारामतीच्या एमआयडीसीत फिटरची नोकरी. विहिरीच्या तळाला दिसतं त्याहून जास्त पाणी एका जागी साठलेलं ह्यांनी लग्नापर्यंत पाहिलेलंच नव्हतं म्हणा.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या शेजारी, उजनीच्या पाण्याच्या काठावर. लग्नानंतर हे पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा जेवून उठले, पाण्याकडं गेले आणि दिवेलागण झाली तरी परतले नाहीत. घरात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मानपानात काही राहिलं, पाव्हणं रुसलं, असंच भावाला वाटलं. तो शोधत गेला तर हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसलेले.

"काय झालं, दाजी?"

"काय न्हाय. ह्याचं दुसरं टोक कुठं हाय?"

भावानं हात केला. "तिकडं. धरणाच्या भिंतीपाशी. लय लांब."

"जाता येतं?"

"येतं की. इंदापूरची एसटी हाय."

"एसटीनं न्हाय. ह्याच्यावरनं."

भावानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. पण माणूस रुसलेला नाही ह्याचा आनंद इतका झाला होता, की त्याच्या प्रश्नाकडं कुणी लक्ष दिलं नाही.

आमच्या घरच्यांना त्या पाण्याचं कौतुक नव्हतं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हा धरण भरलं. जुनं गाव आणि नदीकाठचं रान त्याच्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर राहायला आलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुढं त्याच पाण्यावर मोटर बसवून ऊस केला, पण काठाच्या खाली ते पाऊल टाकत नसत. म्हणायचे, "पाइपातनं आलं तर पाणी. न्हायतर ते आपल्या रानात येऊन बसलेलं पाव्हणं हाय. उठायचं नावच घेत न्हाय."

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली. आम्हाला दोन मुली झाल्या. नव्वद साल ओलांडून बरीच वर्षं गेली होती. आम्ही बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, पुढं थोडं अंगण होतं. एका गुरुवारी, गुरुवारी ह्यांची सुट्टी असायची, हे सायकलवरून लोखंडी अँगल घेऊन आले. पुढच्या गुरुवारी पत्रे आले. मला वाटलं न्हाणीला आडोसा करतायत. मी मनातल्या मनात साबण ठेवायचा कोनाडासुद्धा ठरवला. महिनाभरानं अंगणात जे उभं राहिलं त्याला पुढं टोक होतं आणि मागं बसायला फळी.

"हे काय हो?"

"होडी."

"आन् न्हाणी?"

"न्हाणी कसली?"

बोळातल्या लोकांना विषय मिळाला. येता-जाता कुणीतरी विचारायचंच, "वैनी, कालवा फुटणार हाय व्हय? आमाला पण सांगा बरं का." पलीकडच्या घरात भिगवण रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान असलेले चाचा राहायचे. ते मात्र हसले नाहीत. रोज संध्याकाळी स्टूल घेऊन यायचे आणि वेल्डिंगकडं बघत बसायचे. ह्यांना काही विचारायचं असलं की चाचा म्हणायचे, "मी ट्यूबमधली हवा बाहेर जाऊ देत नाही. तुम्हाला पाणी आत येऊ द्यायचं नाही. धंदा एकच आहे."

ते आत येतं की नाही हे बघायचं कसं, ही मोठी अडचण. बारामतीत कालवा आहे, पण त्यात होडी घातली असती तर ती थेट इंदापूरलाच हुडकावी लागली असती. शेवटी चाचांनीच युक्ती काढली. होडीत पाणी भरायचं. आतलं बाहेर गेलं नाही तर बाहेरचं आत येणार नाही. सकाळी नळाला पाणी आल्या आल्या ह्यांनी पाइप लावला. होडी भरत आली तसा बोळातल्या बायकांचा आवाज चढायला लागला. पाणी तासभर येणार आणि ते हा माणूस पत्र्यात ओतणार! हे कपाळावरचा घाम पुसत खाली वाकून थेंब मोजतायत आणि वर बायका बोलतायत, असं चाललेलं. मी म्हटलं, "सांडत न्हाय कुणी. या, धुणी घेऊन या." मग सगळ्या पाट्या भरून आल्या आणि होडीतलं पाणी तांब्यानं काढून काढून आम्ही अंगणात बोळाचं सगळं धुणं धुतलं. दोन ठिकाणी गळत होतं. तिथं हवं तसं डांबर बसलं.

होडीच्या मागं रॉकेलवर चालणारं पंपाचं छोटं इंजिन आलं. त्याला ह्यांनी दांडा आणि पंखा जोडला. होडी तयार झाली. पण होडी असली म्हणजे जायला निमित्त पाहिजे. रिकामं हिंडायला जाणं आमच्यात कुणाला माहीत नव्हतं. लग्नानंतर जोडीनं म्हणून गेलो ते जेजुरीला, आणि त्या जोडीबरोबर ट्रकभर माणसं होती.

निमित्त माझ्या धाकट्या बहिणीनं दिलं. तिला पुष्कळ वर्षांनी मूल झालं. तिचं सासर इंदापूरच्या खालच्या अंगाला, धरणाच्या भिंतीजवळ, पाण्याच्या काठावरच. बारसं खरं तर माहेरी व्हायचं, पण एवढ्या वर्षांनी घरात पाळणा हलणार म्हणून तिच्या सासरच्यांनी हट्टानं ते आपल्याकडं ठेवलं. पाळणा मात्र आमच्याकडून जायचा होता. बारामतीच्या बाजारातून मी लाकडी पाळणा घेतला, रंगीत दांड्यांचा, वर राघू-मैना लावलेला. तो दारातून आत येताना बघूनच ह्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"ह्यो एसटीच्या टपावर टिकायचा न्हाय," हे म्हणाले.

"मग?"

"पाण्यावरनं नेऊ. धक्का न्हाय, आदळआपट न्हाय. कुंभारगावात होडी पाण्यात घालू, रात्रीला तुझ्या माहेरी, दुसऱ्या दिवशी दुपारी बारशाला."

खरं सांगायचं तर भीती वाटली होती आणि त्याच वेळी, आम्ही दोघंच दोन दिवस कुठंतरी चाललोय, हे चित्रही डोळ्यांपुढून हलेना. मी तो निकाल सासूबाईंवर, म्हणजे आत्यांवर, सोपवला. मुलींना सांभाळायला त्या गावाहून आल्याच होत्या. मला वाटलं, त्या एका शब्दात मोडून टाकतील.

"आत्या, हे होडीनं जायाचं म्हणत्यात."

आत्यांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली. "आमी मेंढरं घिऊन कोकणात जायाचो. पायी. ह्यो तवा पोटात व्हता आन् डोक्यावर बिऱ्हाड. तुमाला नुसतं बसून जायाचंय. त्यात इचारायचं काय?" आणि आत जाऊन त्यांनी स्वतःचं घोंगडं आणून माझ्या हातात दिलं.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्या भावाचा ट्रॅक्टर बारामतीच्या बाजाराला आला आणि मुक्कामाला राहिला. त्याच्या रिकाम्या ट्रेलरवर पहाटेच बोळातल्या माणसांनी होडी चढवली. हसणारेच आता सगळ्यांत जास्त जोर लावत होते. चाचांनी ट्रकची एक मोठी ट्यूब हवा भरून आणून दिली. "लागणार नाही," म्हणाले, "पण असू द्या." मुली आजीच्या कडेला उभ्या राहून हात हलवत होत्या, रडायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

साखर कारखान्यांचा हंगाम होता. भिगवण रस्त्यावर पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं उसाचे ट्रॅक्टर आणि मध्ये आमची होडी, तिच्यात पाळणा आणि पाळण्याला धरून मी. रस्त्याकडेच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांतून बायका बाहेर येऊन बघायच्या. एकीनं ओरडून विचारलं, "बाई, हे कुठल्या कारखान्याला जायाचं?" मी म्हटलं, "बारशाला!" तिला काय कळलं कुणास ठाऊक, पण तिनं दोन्ही हातांनी कानशिलावर बोटं मोडली.

कुंभारगावच्या काठावर होडी उतरवली. मासे उतरवून घेणाऱ्या एका बाईनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघून एवढंच सांगितलं, "दुपारच्या आत काठ धरा. दुपारनं वारं उठतं." मी होडीच्या टोकाला हळद-कुंकू लावलं, ह्यांनी नारळ फोडला, भावानं ढकललं आणि आम्ही पाण्यावर आलो. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. इतका वेळ जड, खडबडीत, आवाज करणारी ती वस्तू एकदम हलकी झाली. ह्यांनी दोरी ओढली, इंजिन दोन-तीनदा खोकलं आणि चालू झालं. हे माझ्याकडं बघून असे हसले की लग्नाच्या फोटोतसुद्धा ते तसे हसलेले नाहीत.

थंडीचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन. उथळ पाण्यात उंच पायांचे गुलाबी-पांढरे पक्षी ओळीनं उभे होते. त्यांना बघायला पुण्याची माणसं पुढं गाड्या करून यायला लागली, तेव्हा तिथं फक्त आम्हीच होतो. मी त्यांच्याकडं बघून वळले तर ह्यांनी एका हातानं होडीची कड इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडली होती.

"पवायला येतं न्हवं तुमाला?" मी सहज विचारलं.

हे इंजिनाकडं बघायला लागले.

"अहो?"

"आमच्या गावात पवायचं कशात?"

"विहिरीत!"

"आमच्या विहिरीत बादली बुडत न्हवती. माणूस कुठनं बुडायचा?"

"आन् हे आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस?"

काठ दोन्ही बाजूंना लांब राहिला होता. मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. मी एवढी हसले की होडी हलायला लागली आणि हे "हलू नगं, हलू नगं" म्हणून ओरडायला लागले, त्यानं मी आणखी हसले. मी नदीकाठची, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. मी चाचांची ट्यूब उचलून ह्यांच्या गळ्यात घातली. मग पुढचा सगळा प्रवास ह्यांनी हार घातलेल्या पुढाऱ्यासारखा बसून केला.

अंगात जरा धीर आला तसं हे जोरात हाकायला लागले आणि आमचा पंखा एका जाळ्यात अडकला. जाळं ज्याचं होतं तो कोळी पलीकडून तरातरा होडी वल्हवत आला. तोंडात शिव्या तयार होत्या. जवळ आल्यावर त्याला पाळणा दिसला.

"पोर हाय का आत?" त्यानं आवाज खाली आणत विचारलं.

"न्हाय अजून. बारशाला चाललोय, पाळणा घिऊन," मी म्हटलं.

तो पाळण्याकडं बघत राहिला. मग ट्यूब घातलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. आणि शिव्या द्यायचं विसरून खाली वाकून जाळं सोडवायला लागला. जाळं थोडं फाटलं होतं. आम्ही फार ओशाळलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, शिवता येतं. पोरगं का पोरगी?" मुलगा, म्हटल्यावर त्यानं आपल्या टोपलीतले दोन मासे आमच्याकडं टाकले. पोरगी म्हटलं असतं तरी टाकले असते, असा त्याचा चेहरा होता.

दुपारचं वारं उठायच्या आत आम्ही पळसदेवच्या अंगाला काठ धरला. आईनं मासे केले. सगळं गाव होडी बघून गेलं. आबा तेवढे ओट्यावरून उठले नाहीत. हे जेवताना सगळं रंगवून सांगत होते, आबा ताटात बघून जेवत होते. शेवटी हात धुताना म्हणाले, "पाव्हणं, पत्र्याला काय इश्वास?"

सकाळी आम्ही काठावर गेलो तर आबा आमच्या आधी येऊन होडीपाशी उभे. धोतर, मुंडासं, हातात काठी. इतक्या खाली आलेलं मी त्यांना माळावर राहायला गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"उद्या कुणी म्हनायचं, म्हाताऱ्यानं सांगितलं न्हाय," त्यांनी सुरुवात केली. "हितनं सरळ गेलात तर चिंचंच्या खोडावर बसचाल. धरण भरलं तवा मळ्यातल्या चिंचा कुणी तोडल्या न्हवत्या. त्या वळणापतूर मी येतो. तितं उतरवा मला."

हे माझ्याकडं बघायला लागले, मी आबांकडं. आबांनी वहाणा काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि होडीत येऊन पाळण्याशेजारी मांडी घालून बसले.

"आबा, आईला सांगितलंय का?"

"रानात जाऊन येतो म्हणालोय."

आम्ही निघालो. आबा काठीनं दिशा दाखवायचे. डावीकडं घ्या, आता उजवीकडं. पाणी सगळीकडं सारखंच होतं, पण आबा त्यावरून बैलगाडीच्या वाटेनं चालले होते. लांबवर जुन्या देवळाच्या शिखराचा शेंडा पाण्यावर दिसत होता, त्याला त्यांनी हात जोडले. वळण आलं तसं ह्यांनी होडी काठाला घेतली.

"हितं नगं, चिखल हाय," आबा म्हणाले.

थोडं पुढं पुन्हा घेतली.

"हितं काटं हाईत."

तिसऱ्यांदा कोरडी, स्वच्छ, दगडाची जागा होती. आबा तिच्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, जरा इंजन बंद करा."

इंजिन बंद झालं तसं सगळं शांत झालं. होडी आपोआप संथ फिरत राहिली. आबा कडेवरून वाकून पाण्यात बघत होते.

"आपलं रान," ते म्हणाले. "हितं विहीर. तू हितंच पवायला शिकलीस. तितं गोठा. त्या अंगाला शाळू लावायचो."

मी पाण्यात हात घातला. गार होतं. आपण आपल्या विहिरीच्या वर एवढ्या उंच बसलोय, हे मनाला पटेना. आबांचा चेहरा बघायचं धाडस होत नव्हतं. हेही ट्यूबमध्ये हात अडकवून पाण्यात बघत होते. मग आबांनी अंग सरळ केलं.

"एवढी वरसं भिजतंय," ते म्हणाले. "पेरलं तर आता लय झकास उगवंल."

आधी ह्यांना हसू आलं, मग मला आणि मग आबांना. त्या रानाबद्दल आबांच्या तोंडून मी थट्टा ऐकली ती आयुष्यात पहिल्यांदाच. हसून हसून त्यांनी मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले आणि काठी पुढं केली. "चला. ऊन चढतंय. नातवाचं बारसं हाय."

म्हणजे ते उतरणार नव्हते. दोन दिवस दोघांनीच जायचं म्हणून निघालेली मी, आणि मध्ये मांडी घालून माझे वडील. ह्यांनी आबांच्या पाठीमागून माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मी तोंडावर पदर घेतला.

कळाशीपर्यंत सगळं सुरळीत होतं. शिरसोडीच्या अंगाला पाणी एकदम रुंद झालं आणि समोरून पूर्वेचं वारं सुरू झालं. लाटा छोट्याच, पण पत्र्यावर थडाथड आदळायच्या आणि प्रत्येक लाट थोडं पाणी आत टाकून जायची. मी तांब्यानं पाणी उपसत होते. आबांनी आत्यांचं घोंगडं पाळण्यावर घातलं आणि पाळणा मांडीवर घेतला. तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. रॉकेलमध्ये पाणी गेलं होतं.

वारं आम्हाला मागं न्यायला लागलं. ह्यांनी इंजिन उघडलं, पुर्जे फडक्यावर मांडले. "वल्ही मारा, न्हायतर परत पळसदेव," असं म्हणून खाली मान घातली. मी एक वल्हं घेतलं. आबांनी पाळणा बाजूला ठेवून दुसरं. जन्मात वल्हं न धरलेला माणूस, पण चार हात मारले आणि त्यांना लय सापडली. बैलांची. "हाऽऽ च्यॅक च्यॅक! चल माझ्या राजा!" प्रत्येक हाताबरोबर ते होडीला औताच्या बैलासारखं हाकायचे, आणि मी डाव्या अंगाचा बैल झाल्यासारखी ओढायचे.

मोटरसायकली आणि माणसं भरलेली एक लाँच कुगावकडून शिरसोडीला येत होती. आम्हाला बघून ती जवळ आली. सगळी माणसं एका बाजूला गोळा झाली.

"दोर टाकू का, आबा?" लाँचवाल्यानं हाक दिली.

आबा ताठ झाले. "काय गरज न्हाय!"

"कुठनं आलाय?"

"बारामतीसनं!" आबा छाती काढून ओरडले. "होडीनं!"

बारामतीहून निघताना हे गृहस्थ घरी गुरांना वैरण टाकत होते. पण आम्ही दोघांनी मान डोलावली. लाँचवरच्या कुणीतरी शिट्टी मारली, कुणी टोपी हलवली. लाँच लांब गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "दोर घेतला असता तरी चाललं असतं, व्हय?" हे पुर्जे पुसत म्हणाले, "आता बोलून काय उपेग, मामा." पण त्यानंतर थोड्याच वेळात इंजिन लागलं. हे ट्यूबसकट उठून उभे राहिले आणि लगेच घाबरून खाली बसले.

दुपार कलायला लागली तेव्हा धाकटीचं गाव दिसलं. काठावर माणसांची गर्दी होती. आणि गर्दीच्या पुढं, कमरेवर हात ठेवून, माझी आई.

आबा रानातून येत नाहीत म्हटल्यावर तिनं सगळीकडं माणसं पाठवली होती. शेवटी एका कोळ्यानं सांगितलं की म्हातारं होडीत बसून गेलं. मग ती साडी बदलून एसटीनं इंदापूरला आली, तिथून दुसरी एसटी धरून आमच्या कितीतरी आधी इथं पोचली. पाहुणे जमलेले, घुगऱ्या शिजलेल्या, बायका गाणी म्हणायला बसलेल्या, आणि पाळण्याचाच पत्ता नाही. बाळ साडीच्या झोळीत झोपलेलं.

होडी काठाला लागली. आबा सावकाश उतरले. आईनं त्यांना नखशिखांत बघितलं. धोतर भिजलेलं, मुंडासं सुटलेलं, हाताला वल्ह्याचे फोड.

"रानात जातो म्हणाला व्हता नव्हं?"

"रानातच गेलतो," आबा म्हणाले.

आईचा हात कमरेवरून खाली आला. ती पाण्याकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "मग न्याहारी तरी करून जायाची." आणि त्यांच्या हाताचे फोड बघायला लागली.

पाळणा लोकांनी हातोहात वर नेला. पुसला, उन्हात धरला. राघूची एक चोच तेवढी मोडली होती. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, बाळ दचकून उठलं आणि सगळ्यांकडं बघून मोठ्यानं शिंकलं. धाकटी माझ्या गळ्यात पडून हसत होती आणि रडतही होती. तिच्या सासऱ्यांनी ह्यांना मानानं पाटावर बसवलं. बसताना ह्यांच्या ध्यानात आलं की ट्यूब अजून गळ्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत निघालो. आबा वहाणा हातात घेऊन काठावर हजर झाले होते, पण आईनं त्यांच्या पिशवीत एसटीचे सुटे पैसे टाकले आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. "पोरांना जाऊ द्या की जरा," ती एवढंच म्हणाली. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

वारं आता मागून होतं. थोडं अंतर गेल्यावर ह्यांनी इंजिन बंदच केलं. पाण्यातून वर आलेला एक बोडका उंचवटा लागला, त्यावर उतरलो. मी स्टोव्ह पेटवून चहा टाकला. चारी बाजूंना पाणी, माणूस नाही, घर नाही. आठ-नऊ वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच असे कधी बसलो नव्हतो, आणि आता बोलायचं काय ते दोघांनाही सुचेना. मग हे म्हणाले, "तुला न्हाणी पायजे व्हती ना?" मी म्हटलं, "पायजे व्हती न्हवं, पायजेच हाय." म्हणाले, "करू." आणि ते सांगायला लागले, कोनाडा कुठं, पाणी तापवायची चूल कुठं, मुलींना वेगळा नळ कसा काढता येईल. मी ऐकत होते. चहा उतू गेला.

न्हाणी त्या उन्हाळ्यात झाली. होडी माहेरीच बांधून ठेवली होती. पुढची दोन वर्षं आम्ही सुट्टीत तिथं गेलो की काठ रिकामा असायचा. आबा होडी घेऊन गेलेले असायचे. कधी कळाशीला कुणाला भेटायला, कधी नुसतेच. मग आई डोळ्यांवर हात धरून बघायची आणि लांब एक ठिपका दाखवून म्हणायची, "ते बघ, येत्यात." आम्ही काठावर पाय सोडून बसायचो. ठिपका कधी मोठा व्हायचा, कधी वळून दुसरीकडंच जायचा.